बाईंचा शुद्ध शोध

नागपूरच्या प्रताप नगरात एकट्या पोराला खोली मिळवायची म्हणजे ओळखपत्र, नोकरीचं पत्र, गावाकडच्या दोन सभ्य माणसांचे फोन नंबर आणि 'मित्र येणार नाहीत' असं शपथेवर सांगण्याची तयारी, एवढं तरी लागतं. आमच्या घरमालकीण बाईंना यातलं काहीच नको होतं. त्यांनी मला व्हरांड्यातल्या खुर्चीत बसवलं, पुढ्यात कोरा कागद आणि पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "लिही. दीर्घकाळ आजारी असलेल्या गृहस्थाने निःस्वार्थीपणे विहीर खणली."

आजारी माणसाने विहीर कशाला खणावी, हा प्रश्न मला पडला होता. पण खोली हवेशीर होती आणि भाडं परवडणारं होतं, म्हणून मी विहीर खणू दिली. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. माझ्या आधी बँकेतला एक अधिकारी येऊन गेला होता, हे मला नंतर कळलं. त्याच्या 'विहिर'ची वेलांटी पहिली निघाली, आणि बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं.

"विसर्ग खाल्लास," त्या मला म्हणाल्या. "उपाशी दिसतोस. ये राहायला."

अशा रीतीने एका विसर्गाच्या फरकाने मी बाईंचा भाडेकरू झालो. त्या एका शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शाळेने त्यांना निरोप दिला होता, पण त्यांनी शाळेला दिला नव्हता. सगळं नागपूर त्यांच्या वर्गात बसलेलं होतं आणि ते नापास होतं. किराणा दुकानातल्या पाटीवरचा 'तांदुळ' दुरुस्त झाल्याशिवाय त्या तांदूळ घेत नसत. लग्नाची पत्रिका आली की लाल पेनने तपासून ती लग्नाला सोबत नेत आणि आहेराच्या पाकिटासोबत नवरदेवाच्या वडिलांच्या हातात देत. कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाच्या तरी सासऱ्यांच्या निधनाची बातमी आली, खाली पन्नास जणांनी 'भावपुर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि शेवटी बाईंचा एकच शब्द आला: 'भावपूर्ण'. त्या दिवसापासून कॉलनीत कोणी मेलं तरी लोक बाईंना कळवताना विचार करू लागले.

माझं गाव वर्धेकडचं. तोंडात 'ले' आणि 'राहिलो' बसलेलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी जिन्यावरून हाक मारली तेव्हा मी खालून म्हणालो, "जेवण करून राहिलो, बाई."

"जेवण करून कुठे राहिलास?" त्यांनी विचारलं.

जेवतो आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मला आधी वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग वाटलं त्या बाहेरगावच्या असाव्यात, पुण्याकडच्या वगैरे. पण त्या अस्सल नागपूरच्या निघाल्या. गिरणीच्या चाळीत जन्मल्या, नागपुरातच शिकल्या, नागपुरातच नोकरी केली. इतकी वर्षं या शहरात राहूनही त्यांच्या बोलण्याला शहराचा एक डागसुद्धा लागला नव्हता. भर उन्हाळ्यात पांढरी साडी नेसून इतवारीच्या बाजारात हिंडावं आणि साडी तशीच पांढरी परत आणावी, तसं ते होतं.

नंदनवनात त्यांचा मोठा भाऊ राहत असे. हा भाऊ तोंड उघडलं की मले, तुले आणि काहून. त्यामुळे बहीणभावाचं फोनवरचं बोलणं फार लांबत नसे. तो काही तरी सांगू लागे, बाई मध्येच दुरुस्त करत, आणि तो म्हणे, "बरं, ठेवतो मंग." प्रताप नगर आणि नंदनवन यांच्यामध्ये अख्खं नागपूर आहे, पण या दोघांना ते अंतर पुरत नव्हतं.

मी शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात कंत्राटी नोकरीला होतो. तिथे नुकतीच क्रांती झाली होती. पूर्वी दिवाणखान्याएवढ्या खोलीत लाकडी कपाटं होती, कपाटांना छोटे छोटे खण, आणि खणांत पुस्तकांची कार्डं, नावांच्या क्रमाने लावलेली. साहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, ती सगळी कार्डं स्कॅन करून संगणकावर चढवली. उद्घाटन झालं. 'आता प्रत्येक पुस्तक एका टिचकीवर' असा फलक लागला. कपाटं विकली गेली. एक साहेबांच्या केबिनमध्ये राहिलं, त्याच्या खणांत आता बिस्किटं आणि साखरेच्या पुड्या असत. कागदाची मूळ कार्डं गठ्ठे बांधून कुठे तरी ठेवली होती. कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्यांचं कार्ड केलेलं नव्हतं.

कार्डांचे फोटो उत्तम होते. गोम होती ती शोधाच्या यादीत. ती यादी मिहान उद्योगनगरीतल्या कुठल्याशा कंपनीत बसलेल्या पोरांनी फोटो बघून बघून टाइप केली होती. पोरं मेहनती होती, पण त्यांची आणि ह्रस्व-दीर्घाची कधी ओळख करून देण्यात आली नव्हती. त्यामुळे 'कविता' शोधली की निम्म्या कविता येत, आणि उरलेल्या निम्म्या 'कवीता' नावाने वेगळ्या राहत. टिचकी मारणाऱ्याला हे माहीत नसे. तो निराश होऊन घरी जाई, आणि साहेब महिन्याच्या अहवालात लिहीत की वाचकांच्या तक्रारी कमी झाल्या आहेत. वाचकच कमी झाले होते, हे त्यात वेगळं लिहायची गरज नव्हती.

या संगणकापाशी मी बसत असे. आणि एके दिवशी सकाळी बाई तिथे आल्या. घरच्या साडीत नाही, शाळेच्या साडीत.

"मला एक जुनं नाटक शोधायचं आहे," त्या म्हणाल्या. "छोटंसं आहे. नाव मला पाठ आहे. तू फक्त खुर्ची दे."

मी खुर्ची दिली. बाईंनी चष्मा बदलला आणि एका बोटाने, मुळाक्षरं गिरवावीत तसं, टाइप केलं: 'मला शाळेत पाठवा, हे नाटक आपल्याकडे आहे का?' स्वल्पविरामासकट. प्रश्नचिन्हासकट.

पडद्यावर आलं: 'एकही नोंद आढळली नाही.'

बाईंनी ते वाक्य नीट वाचलं. "वाक्य शुद्ध आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे यंत्र अगदीच अडाणी नाही."

"बाई, एवढं लिहायचं नसते. त्याला जितकं जास्त सांगाल तितकं ते कमी शोधते. तुम्ही लिहिलेलं अक्षरन् अक्षर ते जसंच्या तसं धुंडाळते. तुमचं प्रश्नचिन्ह कोण्या पुस्तकाच्या नावात असणार? एकच शब्द टाका. तोही जमलं तर अर्धा."

"म्हणजे तोडकं बोलायचं."

"हो."

"हेच करू नका म्हणून मी जन्मभर मुलांना ओरडले."

तरी त्यांनी 'शाळेत' टाकून पाहिलं. शाळेतील बागकाम आलं, शाळेतील आरोग्य आलं, शाळेतील शिस्त तर अनेक आवृत्त्यांत आली. 'मला' टाकलं तर चार-दोन आत्मकथा आल्या. 'पाठवा' टाकल्यावर एकच नोंद आली, 'संत्र्यांची पार्सले बाहेरगावी कशी पाठवावीत'. बाईंनी तिचा फोटो उघडून पाहिला आणि 'पाठवावीत' बरोबर लिहिलंय म्हणून त्या अनोळखी लेखकाला शाबासकी दिली.

"लेखकाचं नाव सांगा ना," मी म्हणालो. "लेखकावरून लगेच सापडेल."

"नाव घातलेलं नाही त्यांनी."

"मग विषयावरून बघू. नाटक."

नाटक म्हटल्यावर इतकी नाटकं आली की नागपूरकर एकेकाळी दुसरं काही करतच नसावेत. बाईंनी दुपारपर्यंत त्यातली बरीच पाहिली. हवं ते त्यात नव्हतं. उठताना त्यांनी एक कागद माझ्या हाती दिला. त्यावर लाल शाईत, त्यांना पडद्यावर दिसलेल्या अशुद्ध शब्दांची यादी होती.

त्यानंतर त्या रोज येऊ लागल्या. मी त्यांना सांगितलं की यादी टाइप करणाऱ्याने जी चूक केली असेल ती आपणही करून पाहिली पाहिजे. शाळेत, शाळेंत, शाळेच, साळेत. सगळं.

"पुस्तक नाही मिळालं तरी चालेल," बाई म्हणाल्या. "मी 'साळेत' लिहिणार नाही."

मग त्यांच्या वतीने चुका मी करत असे. मी टाइप करू लागलो की त्या मान वळवून खिडकीबाहेर बघत. एकही नोंद आढळली नाही असं आलं की त्यांना पुस्तक न मिळाल्याचं दुःख आणि चूक न फळल्याचं समाधान, दोन्ही एकदमच होई.

एकदा त्यांना 'नितीबोध' दिसलं. दोन्ही वेलांट्यांची अदलाबदल झालेलं. त्यांनी मला ते तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगितलं. मी कार्डाचा फोटो उघडून दाखवला. कार्डावरही तसंच होतं.

"मग कार्डही चुकलंय."

"कार्ड नाही चुकलं, बाई. पुस्तकावरच तसं छापलं आहे. कार्ड करणाऱ्यानं पुस्तकावर जे दिसेल ते उतरवायचं असते. चूक असली तरी. त्यानं सुधारलं तर पुस्तक आणि कार्ड जुळणार नाही, आणि मग पुस्तक कोणालेच सापडणार नाही."

"कोणालाच," बाई म्हणाल्या. मग थोडा वेळ विचार करून, "म्हणजे दुसऱ्याच्या चुका जपून ठेवण्याचा पगार घेता तुम्ही लोक."

 कंत्राटी माणसाला मिळतं त्याला पगार म्हणतात का, एवढीच माझी शंका होती.

लाल याद्या साहेबांच्या टेबलावर पोचू लागल्या तशी साहेबांची झोप उडाली. ते हुशार होते. त्यांनी बाईंना 'शुद्धता सल्लागार समिती'वर घेतलं. समितीत बाई एकट्याच होत्या. तिची बैठक कधी झाली नाही, पण बाईंनी मात्र दर आठवड्याला स्वतःशी चर्चा करून ठराव पाठवले.

नाटक कोणाचं, हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. संध्याकाळी व्हरांड्यात कूलरला पाणी भरताना.

"माझ्या वडिलांचं आहे ते," त्या म्हणाल्या. "बाबा गिरणीत मागावर होते. छप्पन साली त्यांनी इथेच दीक्षा घेतली. त्यानंतर वस्तीत मुलींना शाळेत घाला म्हणून घरोघर फिरायचे. कोणी ऐकेना, म्हणून एक छोटं नाटक लिहिलं. चौकात कंदील टांगून करायचे. मग वर्गणी काढून छापलं. नाव घातलं नाही, गिरणीतल्या साहेबांना आवडलं नसतं. एक प्रत तुमच्या ग्रंथालयात स्वतः नेऊन दिली. धुतलेला सदरा घालून गेले होते. परत आले आणि आईला म्हणाले, आपलं पुस्तक आता कपाटात आहे."

"घरी नाही एकही?"

"वाळवी लागली." त्या पाइप सरळ करू लागल्या. "वस्तीतल्या मंडळाला ते पुन्हा बसवायचं आहे. दादाने परस्पर हो म्हणून टाकलं. रोज फोन करतो, बाबाचं नाटक, बाबाचं नाटक. त्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्याला काय, हो म्हणायला डोळे लागत नाहीत."

बाईंच्या तोंडून 'बाबांचं'ऐवजी 'बाबाचं' निघालं होतं. भावाची नक्कल म्हणून मी ते सोडून दिलं.

आणि मग ग्रंथालयात नूतनीकरण निघालं. साहेबांना इमारतीला काच लावायची होती. त्यासाठी जुन्या, पातळ, कोणी न मागितलेल्या पुस्तिका खोक्यांत भरून शहराबाहेरच्या गोदामात हलवायच्या होत्या. तात्पुरत्या. ग्रंथालयाच्या भाषेत तात्पुरतं म्हणजे काय, हे मी आधी गोदामात गेलेल्या वर्तमानपत्रांवरून शिकलो होतो. ती गेली ती गेलीच.

मी बाईंना सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधीच पायरीवर उभ्या होत्या.

"बाई, शेवटचा एक उपाय आहे," मी म्हणालो. "आता शोधायचं नाही. चालत जायचं."

"म्हणजे?"

"स्कॅन करताना एकेक खण उचलला आणि जसा होता तसा यंत्रातून काढला. त्यामुळे फोटो अजून खणातल्याच क्रमानं आहेत. टाइप करणारा चुकला असेल, तुम्हाला नाव थोडंफार उलटसुलट आठवत असेल, पण शेजार चुकत नाही. तुमच्या नाटकाची जिथं जागा असायला पाहिजे तिथं जाऊ, आणि तिथून बाण दाबत पुढे. एकेक कार्ड डोळ्यानं पाहायचं."

"मला नाव उलटसुलट आठवत नाही," बाई म्हणाल्या. "पण यात काही अशुद्ध लिहावं लागणार नाही ना?"

"लिहायचंच नाही काही."

त्यांना हे पटलं. मी म अक्षराचा खण उघडला आणि 'मलमपट्टी'पाशी त्यांना सोडून दिलं. बाई बाण दाबू लागल्या. आणि सवयीने मोठ्याने वाचू लागल्या, वर्गात वह्या तपासताना वाचतात त्या आवाजात. वाचनकक्षात तसं वाचायला मनाई आहे, पण त्यांना ते कोण सांगणार?

"मला लाभलेले शेजारी. बरोबर. मलाबारातील वनस्पति. चूक, पण जुन्या नियमाने चालेल. मलाया देशाची हकिकत. चूक. मलिन वस्त्रे धुण्याची शास्त्रीय रित. चूक." त्यांनी लाल पेनने टिपून घेतलं. बाण दाबला. "मले शायेत धाडा. चूक. चूक. आणि—"

बोट बाणावरच राहिलं.

मी शेजारी बसून खोक्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. आवाज थांबला म्हणून मान वर केली. बाई पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी ते पुन्हा म्हटलं. या वेळी हळू, आणि वह्या तपासणारा आवाज त्यात नव्हता. 'शायेत' मधला ये त्यांनी लांबवला, लहान पोरी हट्ट करताना लांबवतात तसा.

"मले शायेत धाडा."

कार्ड जुन्या टाइपरायटरवर केलेलं होतं. नाव, खाली 'लेखक: एक गिरणीवाला', त्याखाली 'देणगी'. विषयाच्या जागी 'शिक्षण' लिहिलेलं. करणाऱ्याने नाव वाचलं होतं, पुस्तक उघडलं नव्हतं. म्हणून नाटकांच्या यादीत ते कधी आलंच नाही.

"हे मी म्हणत असे," बाई म्हणाल्या. "चौकात. बाकावर उभी राहून. पोरगी मी व्हायचे आणि दादा बाप व्हायचा. त्याला सुतळीची मिशी लावायचे."

"आणि 'मला शाळेत पाठवा'?"

त्यांनी लाल पेनला टोपण लावलं.

"ते नाव कधी नव्हतंच," त्या म्हणाल्या. "ते मी दुरुस्त केलं असणार. कधी केलं ते आठवत नाही. बाबा असताना केलं की नंतर, तेही आठवत नाही."

मला एक टोमणा सुचला होता. चांगला होता. पण तो मी जिभेवरच ठेवला आणि कार्डावरचा पुस्तकाचा क्रमांक उतरवून घेतला.

पुस्तक कपाटात नव्हतं. शिपाई जाऊन पाहून आला आणि म्हणाला, "भेटून नाही राहिलं बाई. त्या ओळीतले सारे खोके बांधून झाले. टेम्पो भायेर उभा हाये."

एरवी या तीन वाक्यांत बाईंना दोन दिवसांचं काम मिळालं असतं. त्या म्हणाल्या, "खोके कुठं ठेवून राहिले तुम्ही?"

शिपायाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्याच्याशी सगळे असंच बोलतात. तो बोट दाखवत पुढे निघाला. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो आणि मग त्यांच्यामागे धावलो.

खोक्यांपाशी साहेब होते. बांधलेलं खोकं उघडता येणार नाही, म्हणाले. यादी झाली आहे, सील झालं आहे, नियम आहे. बाईंनी नियम पूर्ण ऐकून घेतला. वर्गात उत्तर चुकत चाललेल्या पोराचं त्या असंच ऐकत असाव्यात.

"दारावर तुम्ही फलक लावलाय," त्या म्हणाल्या. "'ग्रंथालयाचे नुतनिकरण'. दोन्ही चुका ठळक अक्षरांत आहेत. भूमिपूजनाला मंत्री येणार आहेत म्हणे. फोटोत तुमच्या डोक्यामागे तोच फलक येईल. मी तुमच्या समितीची सदस्य आहे, तेव्हा मला हे वर्तमानपत्रांना कळवावंच लागेल."

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने 'शिक्षण' लिहिलेल्या खोक्याची सुतळी कापली. शुद्धलेखनाने माणसाचं भलं होतं असं बाई नेहमी सांगत. ते खरं होताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

पुस्तिका खोक्याच्या तळाशी होती. पातळ, पिनांना गंज चढलेला, कव्हरवर पाटी घेतलेल्या मुलीचं ओबडधोबड चित्र. बाईंनी ती उघडली नाही. पदराने पुसली आणि मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "दादाला फोन लाव. माझ्या फोनवरून नको, तो स्वतः करतो, माझा उचलत नाही."

भाऊ नंदनवनाहून ऑटोने आले. उंच, काठी टेकत, डोळे बारीक करून माणसं ओळखत. सगळ्या जगासारखे तेही बहिणीला बाईच म्हणत, पण त्यांच्या तोंडी 'बाई' म्हणजे धाकटी बहीण. आम्ही ग्रंथालयाच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या माठांपाशी बसलो होतो, तिथे येऊन त्यांनी विचारलं, "भेटलं काय वं बाई?"

"सापडलं," बाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं. "माणूस भेटतो दादा. वस्तू सापडते."

भाऊ बाकावर टेकले. पुस्तिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, दूर नेली. काही दिसलं नसावं. मग बोटाने कव्हर चाचपत म्हणाले, "मंग बरोबरच म्हणलं ना म्या. बाबाच भेटला."

बाईंनी यात काही दुरुस्ती सुचवली नाही. त्यांनी पुस्तिका परत घेतली, चष्मा बदलला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलंच वाक्य पोरीचं होतं. "बाबा, मला—"

"तसं लिवलं हाये काय?" भावाने विचारलं.

"नाही."

"मंग लिवलं तसं वाच ना वं. काहून सुधरवते? बाबानं इचार करूनच लिवलं असन."

बाईंनी घसा साफ केला आणि लिहिलं होतं तसं वाचलं. आधी अडखळत, परकी भाषा वाचावी तसं. दुसऱ्या पानावर अडखळणं थांबलं. तिसऱ्या पानावर बापाची वाक्यं भाऊ न बघता म्हणू लागले, पुस्तकाच्या एक-दोन शब्द पुढे धावत, आणि बाई त्यांना थांबवून मागे आणू लागल्या. माठावर पाणी प्यायला आलेली स्पर्धा परीक्षेची पोरं पेले हातात धरून उभी राहिली. मी झेरॉक्सला पैसे घेऊन येतो म्हणून उठलो, तर दोघांनी एकाच वेळी हात करून मला बसवलं.

नाटक नंदनवनातल्या मैदानात करायचं ठरलं. तालमी भावाच्या घरासमोर होत. मंडळाच्या पोरांना वाटलं होतं की म्हातारी बाई दोन दिवस येईल आणि कंटाळेल. बाई रोज येत. प्रताप नगरातून नंदनवन, दुपारच्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल ठेवून. घरी परत आल्या की भावाशी फोनवर पुन्हा तासभर वाद घालत, आता बोलण्यावर नाही, पोरगी कुठून आत येत होती यावर.

मी तोवर दुसरी नोकरी धरली होती आणि खोली सोडणार होतो. निघण्याआधी एका रविवारी तालीम बघायला गेलो. पोरीचं काम वस्तीतल्याच एका चुणचुणीत मुलीला दिलं होतं. ती इंग्रजी शाळेत जाणारी होती, कथ्थक शिकणारी होती, आणि घरातला सगळ्यात नवा फोन तिलाच चालवता येत होता. तिला शाळेत धाडा म्हणून कोणाच्या पाया पडण्याची काही गरज नव्हती. ती बाकावर चढली, दोन्ही हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, मला शाळेत धाडा."

"मला नाही," बाई खालून म्हणाल्या. "मले. आणि शाळेत नाही, शायेत."

पोरीने पुन्हा म्हटलं. पुन्हा मला.

"मले," बाई म्हणाल्या. आवाज तोच, शाळेचा. माझा खाल्लेला विसर्ग काढून दाखवणारा. "जीभ मागे कशाला ओढतेस? मले. घरी आजी काय म्हणते?"

"आजी मलेच म्हणते," मुलगी म्हणाली. "पण मॅडम, मराठीच्या पेपरात असं लिहिलं तर मार्क कापतात."

मंडळाची पोरं हसली. बाजूला खुर्चीवर भाऊ बसले होते, बापाच्या भूमिकेचा सराव करून घ्यायला. त्यांनी काठीवर हनुवटी टेकवली आणि बहीण काय म्हणते ते ऐकायला मान कलती केली.

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"कापतात," त्या म्हणाल्या. "मीही पुष्कळ जणींचे कापलेत. चल, पहिल्यापासून म्हण."